डावखुरी जपानी

आमच्या सोसायटीतल्या गफूरचाचा मुकादमांनी आपल्या मोटारीने कुणाला ओव्हरटेक केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ट्रक सोडा, टेम्पो सोडा. एकदा सानपाड्याहून जुईनगरकडे जाताना चाचांच्या पुढे उसाच्या रसाचा गाडा लागला. रसवाला गाडा हाताने ढकलत होता आणि मागून चाचांची मोटार त्याच चालीने येत होती. मी स्कूटरवरून हा सोहळा पाहत होतो. रसवाल्याने मागे वळून "चाचा, जाव ना आगे" म्हणून पाहिलं. चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढून "चलने दे, चलने दे" अशी खूण केली. शेवटी त्या बिचाऱ्याला आपण कुणाच्या तरी वरातीच्या पुढे चाललोय असं वाटायला लागलं असावं. त्याने गाडा कडेला घेतला आणि चाचांना एक ग्लास रस पाजला, तेव्हा कुठे जुईनगरचा रस्ता मोकळा झाला.

बरं, गाडी मरतुकडी असती तर आम्ही समजून घेतलं असतं. पण गाडी म्हणजे काय गाडी होती! पिस्त्याच्या रंगाची, लांबट नाकाची, जपानी. त्या काळी आमच्या सोसायटीत चारचाक्या मोजक्या, आणि त्याही थंडीत सकाळी धक्का मागणाऱ्या. धक्का द्यायला मीच असायचो, कारण मी रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअर्सला आणि माझी पहिली पाळी. तेव्हा कोणत्या गाडीचं वजन किती हे मला खांद्याने ठाऊक आहे. चाचांच्या गाडीला मात्र माझा खांदा कधी लागला नाही. किल्ली फिरवायची, की गाडी सुरू. तीही अशी हळू, की सुरू झाली हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागे. मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे इंजिन चालू आहे हे दोन गावांना कळतं. पहिल्यांदा मी बॉनेटवर हात ठेवला आणि आत ती थरथर जाणवली, तेव्हा माझ्या अंगावर खरोखर काटा आला होता.

या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. चाचा मस्कतच्या बंदरात क्रेन चालवायचे आणि येताना ही गाडी बोटीवर घालून घेऊन आले. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून ड्रायव्हर डावीकडे बसतो. इकडे सगळंच उलटं. त्यामुळे चाचा फुटपाथच्या बाजूला बसत आणि रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे तुमचा-आमचा ड्रायव्हर जिथे बसतो तिथे, हलीमाचाची बसत. डोक्यावरून पदर, मांडीवर पर्स, नजर समोर. नवीन माणूस हे पाहून दचकायचा. चालती गाडी, ड्रायव्हरच्या जागेवर बाई आणि तिच्या हातात स्टिअरिंग नाही! सिग्नलवरच्या एका हवालदाराने एकदा गाडी थांबवून चाचींकडेच लायसन मागितलं होतं. चाचींनी शांतपणे पर्समधून बडीशेप काढून दिली.

गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण चाचाही ते घेत नसत. त्याला कारण होतं. ते दर रविवारी गाडी धुताना सांगायचे, आणि ते ऐकायला मी मुद्दाम बादली घेऊन खाली उतरायचो.

"सालुंकेभाऊ, ही गरिबाची गाडी हाय," ते सुरुवात करायचे. "जपानात पहिल्यांदा काढली तवा एवढीशी, खेळन्यासारखी. मोठी गाडी ज्याला परवडत नाय त्याच्यासाठी. मग बोटीत घालून अमेरिकेत नेली. तिकडचे लोक हसले. त्यांच्या गाड्या कशा, आमच्या पडवीएवढ्या! मग तेल महाग झाला. पडवी घरी ऱ्हायली आनि सगले हिच्यात बसले. आमच्याकडे मस्कतला तर मासेवाला हिच्यात, मास्तर हिच्यात, नवरी पन हिच्यात. वाळूत घाल, उन्हात ठेव, बोलायची नाय."

"आणि नाव?"

"नाव!" इथे चाचा फडकं पिळायचे, ते जरा जास्तच जोरात. "मोठे साहेब बसले टेबलावर आनि बोलले, आता हा नाव नको. स्वस्तातला वाटतो. सगल्या दुनियेतून नाव काढून टाकला! आता ज्या पोरीचा बापूसच नाव घेत नाय, तिला आपुन नावानं हाक मारून कशाला रडवायची? जपानी बोला. बस झाला."

तेव्हापासून सगळी सोसायटी तिला जपानी म्हणू लागली. तिचे सुटे भाग इथे मिळत नसत. आखातातून येणारे इतरांचे नातेवाईक अत्तर आणि बदाम आणायचे, चाचांचे नातेवाईक फॅन बेल्ट आणायचे. एका भाच्याने तर लग्नाचा आहेर म्हणून कार्ब्युरेटर आणला होता आणि तो चाचांनी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला पेढ्याबरोबर दाखवला. गाडी फार जोरात गेली तर आतून आपोआप घंटी वाजते, असंही चाचा सांगायचे. ती घंटी आमच्यापैकी कुणी ऐकली नव्हती. रसाच्या गाड्यामागून जाताना ती वाजणार तरी कशी!

चाचांना आणखी दोन सवयी होत्या. एक म्हणजे, जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. जिन्यावरून चाचा-चाची उतरू लागले की तिसऱ्या मजल्यापासून आकाशवाणी सुरू व्हायची. "सोसायटीनं जिना धुतलेला दिसतोय, ओला हाय अजून! अरे वा, देशपान्डेंनी सायकल मधेच ठेवली, डाव्या हाताला! आज खाडीला भरती हाय, बगले आलेत, चार-पाच हायत!" चाची आपल्या त्यांचा हात धरून "हं, हं" करत उतरायच्या. लोक म्हणायचे, म्हातारा बडबड्या झालाय. दुसरी सवय म्हणजे रोज सकाळी दोघं खालच्या बाकावर बसून, आभाळाकडे तोंड करून, एकमेकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. आधी चाचा चाचींच्या, मग चाची चाचांच्या. चाचींचे थेंब मात्र हमखास चाचांच्या कपाळावर नाहीतर गालावर पडायचे. चाचा ते हाताने पुसत "बरोबर पडला, बरोबर" म्हणायचे. माझी बायको म्हणायची, बघा, याला संसार म्हणतात. मी म्हणायचो, याला वाया घालवणं म्हणतात.

मे महिन्यात चाचांचा मुलगा अल्ताफ मस्कतहून सुट्टीवर आला. मुलगा सरळ आणि बापावर जीव असलेला, पण आल्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला: गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचं. तुर्भ्याच्या एका मेकॅनिकशी त्याने बोलूनही ठेवलं होतं. सोमवारी गाडी टाकायची, आठवड्यात काम होणार होतं. त्याचंही चुकत नव्हतं. चाचा-चाची दर रविवारी उरणजवळच्या आपल्या गावी जायचे, आणि उरणकडे बंदर झाल्यापासून त्या रस्त्यावर ट्रेलरच ट्रेलर. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रेलरच्या पलीकडलं दिसतच नाही. मग एक तर अंदाजाने गाडी काढायची, नाहीतर चाचांसारखं एका कंटेनरचं बूड बघत जासईपर्यंत जायचं.

चाचांनी साफ नकार दिला. कारणं मात्र रोज नवी. एक दिवस म्हणाले, "डावखुऱ्या पोराला हातावर छडी मारून उजव्या हातानं लिवायला लावतात, तसला पाप मी नाय करनार." दुसऱ्या दिवशी म्हणाले, उजवीकडे ऊन लागतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. अल्ताफ वैतागला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "साळुंखेकाका, अब्बा तुमचं ऐकतात. या रविवारी गावाला आमच्याबरोबर चला. रस्त्यात समजवा जरा. एखाद दिवशी काहीतरी होऊन बसेल, मला तिकडे झोप लागत नाही हो."

मला समजावण्यापेक्षा जपानीत बसायची हौस जास्त. मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी निघतानाच ठिणगी पडली. अल्ताफने पुढचं उजवं दार उघडलं आणि म्हणाला, "अम्मा, तू मागे बस आरामात. मी पुढे बसून अब्बांना रस्ता सांगतो."

चाचा एवढ्या मोठ्याने ओरडले की देशपांडे गॅलरीत आले. "ती तिची जागा हाय! तू पाव्हना हाईस, मागं बस!"

दाराच्या कडेवरून हात फिरवत चाची पुढे बसल्या. अल्ताफ त्यांच्या मागे आणि मी चाचांच्या मागे.

गाडीच्या आत बसल्यावर मी स्टिअरिंगचा विषय विसरूनच गेलो. गचका नाही, खडखडाट नाही. खड्ड्यातून गेलो हे चाचांनी सांगितल्यावर कळायचं. ते सगळंच सांगत होते. "बेलापूर सुटला. डोंगर कोरडा हाय अजून. मिठागरात बायका हायत, लाल साड्या." चाची मान डोलवत होत्या. हे वय, ही गाडी, आणि हा माणूस अजून बायकोला मिठागर दाखवत चाललाय, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

गव्हाण फाट्याच्या पुढे एक ट्रेलर आडवा आला. आडवा म्हणजे आमच्या पुढे, मुंगीच्या चालीने. चाचांनी वेग कमी केला आणि मान जराशी उजवीकडे वळवून विचारलं, "काय गो, काढू काय?"

चाचींनी पदर सावरला. मान थोडी कलती केली. मग म्हणाल्या, "थांबा."

चाचा थांबले. म्हणजे ट्रेलरच्या मागे लागले. मी अल्ताफच्या बाजूला वाकून पाहिलं. समोरून काही येत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा, "काय गो?" पुन्हा, "थांबा." रस्ता पुन्हा मोकळाच. असं चार-पाच वेळा झालं. अल्ताफ आधी हसला, मग चुळबुळ करू लागला, आणि शेवटी पुढे वाकून म्हणाला, "अब्बा, काढा ना! चिटपाखरू नाहीये समोर!"

"तुला इचारला काय?" चाचा म्हणाले.

आरशात त्यांचे डोळे मला दिसले. ते रागावलेले नव्हते. ते आम्हाला गप्प बसायला विनवत होते. मी अल्ताफच्या गुडघ्यावर हात ठेवला.

जासईला चहासाठी थांबलो. "पाय दुखतात, मी बसते हितंच," असं म्हणून चाची गाडीतच राहिल्या. टपरीवर जाईपर्यंत अल्ताफने कसाबसा दम धरला होता. ग्लास हातात आला आणि तो उसळला. "अब्बा, हे काय चाललंय? सगळा रस्ता खाली, आणि अम्मा थांबा, थांबा! दिसत नाही काय तिला?"

"नाय," चाचा म्हणाले.

अल्ताफला कळलं नाही. मलाही कळलं नाही. चाचांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. ज्या माणसाचा आवाज मी नेहमी तिसऱ्या मजल्यावरून ऐकला होता, त्याला मी पहिल्यांदाच इतकं हळू बोलताना पाहिलं.

"नाय दिसत तिला. उजवा डोला पार गेला. डाव्यानं उजेड दिसतो, थोडा थोडा मानूस दिसतो. बास."

"कधीपासून?" अल्ताफने विचारलं.

"दोन पावसाले झाले असतील. हितंच, ह्याच रस्त्यावर. मी इचारला, काढू काय? ती बोलली, निघा. मी काढली, तर समोर एस्टी! कशी आत घेतली ती अल्लालाच ठाव. ती काय बोलली नाय. मी पन नाय बोललो. पन त्या दिवसापासून ती 'निघा' म्हनून कधी बोलली नाय. दिसत नाय तर अंदाजानं 'निघा' नाय सांगनार ती. थांबा बोलते." चाचांनी चहाचा घोट घेतला. "मग मी डोल्याच्या डाक्टरकडं नेली. बोललो, मला चष्म्याचा नंबर काढायचाय, तू पन दाखव. डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितला, काचबिंदू. गेलेली नजर परत नाय येत. हाय ती थेंब घालून राखायची. तिला बोललो, म्हातारपनाचे थेंब हायत, दोघांनी घालायचे. माझ्या बाटलीत साधा पानी हाय."

मला बाकावरचे ते थेंब आठवले, कपाळावर पडणारे. ओला जिना, देशपांड्यांची सायकल, भरतीचे बगळे आठवले. दोन वर्षं हा माणूस बायकोला वाट सांगत होता आणि आम्ही वर तोंड करून हसत होतो. मी त्या टपरीवर नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो. गाडीने मला थक्क केलं होतं हे खरं, पण आता मी ज्याने थक्क झालो होतो त्याला बॉनेट नव्हतं.

"पण मला का नाही कळवलं? आणि अम्माशी का नाही बोलत तुम्ही?" अल्ताफ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"तिला वाटते मला ठाव नाय. तिला वाटते, मला कलला तर मी गाडी इकून टाकीन. आनि गाडी म्हनजे माझा जीव." चाचा हसले. "जीव कसला! लोखंड हाय ते."

जपानीला लोखंड म्हणताना मी त्यांना तेवढ्या एकदाच ऐकलं.

"बोटीवरून गाडी उतरवली तवाची गोष्ट सांगतो," ते पुढे म्हणाले. "मी इतकी वर्षां तिकडं. पैसे पाठवायचे तेवढा माझा काम. घर हिनं बांधला, तुला हिनं वाढवला, माझ्या आईला हिनं माती दिली. मी परत आलो तो पाव्हन्यासारखा. कुठं बसायचा ते पन कलायचा नाय मला घरात. तशात हिला गाडीत घालून गावाला निघालो. सगले समोरून उलटे येतात! ट्रकच्या मागं मी घामानं भिजलो. जन्मात मोटारीत न बसलेली बाई, तिनं खिडकीतून डोका बाहेर काढला आनि बोलली, काय नाय पुढं, निघा. मी निघालो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "त्या दिवशी मी घरी आलो, अल्ताफ. आता मी स्टिअरिंग तिकडं नेऊन मीच तिथं बसू, आनि तिला बाजूला बसवून सांगू की आता तुझा काय काम नाय?"

टपरीवाल्याने ग्लास उचलून नेले. अल्ताफने रुमालाने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "मेकॅनिकला मी आजच नको म्हणून सांगतो."

"सांग," चाचा म्हणाले. "आनि तोंड धुवून घे. तिला आवाजावरून सगला समजते."

आम्ही गाडीत येऊन बसलो. "केवढा वेळ लावलात," चाची म्हणाल्या. "चहा कडू होता," चाचा म्हणाले आणि किल्ली फिरवली. जपानी नेहमीसारखी न बोलता सुरू झाली.

जासई सोडल्यावर पेंढ्याने भरलेला एक टेम्पो पुढे आला. एका बाजूला कललेला, कुंथत चाललेला. चाचांनी वेग कमी केला. मी हळूच वाकून पाहिलं. समोरचा रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. मधोमध एक कुत्रं बसून अंग खाजवत होतं, एवढंच काय ते ट्रॅफिक.

"काय गो," चाचांनी विचारलं, "काढू काय?"

चाचींनी पदर सावरला, मान कलती केली. "थांबा," त्या म्हणाल्या. "येतंय कायतरी."

"बरा झाला बोललीस," चाचा म्हणाले. "मी काढलीच होती."

मागे अल्ताफने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो पुढे वाकला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"ट्रेलर होता, अम्मा," तो म्हणाला. "केवढा मोठा होता!"

"मग!" चाची म्हणाल्या, आणि ताठ बसून पुन्हा समोर बघू लागल्या.